पुलाची तारीख नक्की कोण ठरवतं?

मेघना_अंधेरी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते.

आम्ही अंधेरी पूर्वेला राहतो, तेली गल्लीपासून चालत पाच मिनिटांवर. आईचं डायलिसिस पश्चिमेला. सोम, बुध, शुक्र. रेल्वे रुळांवरच्या गोखले पुलावरून रिक्षाने दहा-बारा मिनिटं लागायची. ७ नोव्हेंबर २०२२ ला पूल बंद झाला. सोमवारच होता तो. त्या दिवसापासून आम्ही कधी पार्ल्याच्या कॅप्टन गोरे पुलावरून, कधी जोगेश्वरीकडून वळसा घालून जायचो. पाऊण तास, कधी तासावर. अंधेरी सबवेचा भरवसा नाही, जोराची सर आली की तो भरतो.

सुरुवातीला सांगितलं होतं, मे २०२३ पर्यंत निदान एक बाजू सुरू होईल. आईने कालनिर्णयवर मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी पेन्सिलीने गोल केला. मग तारीख दिवाळीवर गेली, तिने गोल खोडून नोव्हेंबरात केला. एक बाजू सुरू झाली २६ फेब्रुवारी २०२४ ला. पूर्ण पूल मे २०२५ मध्ये.

मला कुणाला शिव्या घालायच्या नाहीत. या क्षेत्रात काम करणारे इथे बरेच आहेत, त्यांना मनापासून विचारते. पहिल्या दिवशी जी तारीख सांगतात ती बसून ठरवतं कोण? आणि ती चुकणार हे ठरवणाऱ्याला तेव्हाच माहीत असतं का?

टिळकनगर_२२

भूसंपादन, पाऊस, निवडणूक. यातलं एक तरी आड येतंच. बहुतेक वेळा तिन्ही.

पायलिंगवाला

मेघनाताई, १९ वर्षं पायलिंगमध्ये, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल खांब (पायल) उतरवण्याच्या कामात आहे, त्यातली १२ मुंबईत. माझ्यापुरतं सांगतो.

मुंबईत रस्त्याखाली काय आहे हे कुणालाच पुरतं ठाऊक नाही. नकाशे आहेत. पाण्याचा वेगळा, मलनिस्सारणाचा वेगळा, गॅसचा, विजेचा, टेलिफोनचा वेगळा. ते एकमेकांवर ठेवून पाहिले तर जुळत नाहीत, कारण कुणी रस्त्याच्या मध्यापासून मोजलंय तर कुणी एखाद्या भिंतीपासून, आणि ती भिंत आता राहिलेली नाही.

पश्चिम उपनगरातलं एक काम, नाव सांगत नाही. एका पायलच्या जागी नकाशाप्रमाणे काहीच नव्हतं. तरी आमचा नियम असा की आधी हाताने ट्रायल पिट, म्हणजे तपासणीचा खड्डा घ्यायचा. दीड मीटर बाय दीड मीटर, कुदळ, पहार, फावडं, मशीन अजिबात नाही. आमचे जालन्याचे मुकादम स्वतः खड्ड्यात उतरले होते. साडेचार फुटांवर पहार लागली आणि आवाज बदलला. आम्हा वर उभ्या असलेल्यांना काहीच कळलं नाही, पण त्यांनी लगेच हात वर केला. मग उकिडवे बसून त्यांनी बोटांनी माती बाजूला केली. बिडाचा पाइप, ६०० मिमीचा, शिसं ओतलेला जुना जोड, आणि जोडाभोवतीची माती ओली. नकाशात हाच पाइप रस्त्याच्या पलीकडच्या कडेला दाखवलेला होता. तिथे थेट रिग (पायल खोदायचं यंत्र) लावली असती तर आख्ख्या भागाचं पाणी गेलं असतं.

तो पाइप हलवायचा म्हणजे नवा मार्ग आखायचा, त्याचे पैसे भरायचे, पाणी बंद ठेवायचा दिवस ठरवायचा. पाइप सापडला फेब्रुवारीत. परवानगी आली मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात. मेअखेरीला पावसाळ्यासाठी रस्ते खोदणं बंद होतं, ते ऑक्टोबरपर्यंत. पायल नाही म्हणजे पायल कॅप (पायलच्या डोक्यावरचा काँक्रीटचा ठोकळा) नाही, कॅप नाही म्हणजे खांब नाही, खांब नाही तर वरचा गर्डर (पुलाची आडवी तुळई) ठेवायचा कशावर? एका पायलने आमचे आठ महिने खाल्ले. रिग उभी, ऑपरेटरचा पगार चालू, बॅरिकेड रस्त्यात, आणि बॅरिकेडपलीकडून जाणाऱ्या माणसाला दिसतं की इथे कुणी कामच करत नाही.

शेवगा

मग काम सुरू करायच्या आधीच सगळीकडे हे ट्रायल पिट का घेत नाहीत? अज्ञानातून विचारतेय.

पायलिंगवाला

शेवगाताई, अगदी बरोबर प्रश्न. रस्ता खोदायची परवानगी मिळते कार्यादेश, म्हणजे काम सुरू करायचा लेखी आदेश, हातात आल्यावर. कार्यादेश मिळतो निविदा झाल्यावर. निविदेत किंमत आणि मुदत आधीच लिहिलेली असते. म्हणजे खाली काय आहे ते बघायची मुभा मिळते तेव्हा मुदतीचं घड्याळ चालू झालेलं असतं.

खडकाचंही तेच. बोअर (तपासणीची खोल भोकं) घेतात, पण दोन बोअरच्या मधे काय आहे ते खणल्यावरच कळतं. मुंबईचा बेसाल्ट चांगला लागला तर सोन्यासारखा, पण मधेच ब्रेशिया किंवा टफ अशा कमकुवत खडकाचा पट्टा आला की पाणी गळायला लागतं.

निवृत्त_उपअभियंता

पायलिंगवाले लिहितात ते शंभर टक्के खरं. मी दुसऱ्या टोकाला होतो, टेबलामागे. ३१ वर्षं. थोडं सविस्तर लिहितो.

काम मंजूर करून घ्यायचं तर अंदाजपत्रक लागतं. ते दरसूचीवरून (कामांच्या सरकारी दरांच्या यादीवरून) करतात, आणि ती त्या वर्षीची असते. जमीन, पाइप हलवणं, झोपड्यांचं पुनर्वसन यांच्यासाठी एक ठोक रक्कम टाकतात. ठोक म्हणजे खरोखर ठोकच, कारण तेव्हा मोजणी झालेली नसते. आकडा फुगला तर प्रस्ताव मागे पडतो आणि दुसऱ्या कुणाच्या कामाला पैसे जातात. म्हणून सगळ्यांचाच हात आखडता राहतो. मग प्रशासकीय मान्यता मिळते. पुढे काम वाढतं, दर वाढतात आणि सुधारित प्रशासकीय मान्यतेचा प्रस्ताव जातो. आम्ही त्याला ‘सुप्रमा’ म्हणायचो. एका कामाच्या दोन-दोन, तीन-तीन सुप्रमा पाहिल्यात.

विदर्भातला गोसीखुर्द धरण प्रकल्प घ्या. सुरुवातीचा अंदाज ३७२ कोटी. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं. पुढे सुधारित किंमत १८ हजार कोटींच्या वर गेली. त्यात महागाईचा वाटा मोठा आहे हे मान्यच, पण महागाई लागली ती काम लांबलं म्हणून. आपला वांद्रे-वरळी सागरी सेतू साधारण ६६० कोटींचा आणि पाच वर्षांचा म्हणून १९९९ ला हाती घेतला. ३० जून २००९ ला उघडला तेव्हा खर्च १६०० कोटींच्या घरात होता.

सगळ्यात महाग असतो तो अडकलेला दिवस. सिमेंट-लोखंड त्याच्यापुढे काहीच नाही.

आकडेमोड

हे फक्त आपल्याकडे होतं असं कृपया समजू नका. बेंट फ्लुबियर नावाचे डॅनिश अभ्यासक आहेत, त्यांनी जगभरातल्या १६ हजारांहून अधिक प्रकल्पांची माहिती जमवली. खर्च आणि वेळ दोन्ही पाळणारे निघाले ८.५ टक्के. खर्च, वेळ आणि जे फायदे कबूल केले होते ते, असं तिन्ही पाळणारे फक्त ०.५ टक्के. दोनशेत एक!

सिडनीचं ऑपेरा हाउस ७० लाख डॉलरमध्ये १९६३ ला व्हायचं होतं. झालं १९७३ ला, १० कोटी २० लाखांत. बर्लिनचा नवा विमानतळ तर जर्मनांनी बांधलेला. २०१२ मध्ये उद्घाटनाला जेमतेम चार आठवडे उरले असताना आगीचा धूर बाहेर काढणारी यंत्रणा चालत नाही म्हणून थांबवला. उघडला ३१ ऑक्टोबर २०२० ला.

याचं मानसशास्त्रही आहे. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं की माणूस आपल्या कामाचा अंदाज बांधताना ते काम सुरळीत झालं तर किती वेळ लागेल एवढंच मनात धरतो. तशाच कामाला इतरांना किती वेळ लागला, ते बघतच नाही. आपण घराला रंग लावतो तेव्हा हेच करतो. शेजाऱ्यांकडे रंगाचं काम महिनाभर चाललेलं डोळ्यांनी पाहिलेलं असतं, तरी आपल्याकडे आठवड्यात आटपेल असं वाटतं.

चाकरमानी_संगमेश्वर

आकडेमोड, तुमचे आकडे खरे असतील. पण ‘सगळीकडे असंच होतं’ हे ऐकून माझ्या जिवाला शांती नाही.

मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं. तेव्हा माझी मुलगी पहिलीत होती. आज ती नोकरीला लागली. दर गणपतीला आम्ही रात्री निघतो आणि दर वर्षी गणपतीच्या आधी ऐकतो की यंदा खड्डे बुजवलेत, पुढच्या वर्षी रस्ता पूर्ण. पळस्पे ते इंदापूर या पट्ट्यात माझ्या आयुष्यातले किती तास गेले याचा हिशोब नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग कोसळला, तेव्हा माझा चुलतभाऊ बाजारात होता. तो सुखरूप आहे, पण ती धूळ बघून घरी आल्यावर दोन दिवस जेवला नाही.

सिडनीतल्या माणसाला नाटक बघायला दहा वर्षं थांबावं लागलं. आमच्या रस्त्यावर माणसं मेली आहेत.

आकडेमोड

चाकरमानी, तुमचं म्हणणं मनाला लागलं. मला समर्थन करायचं नव्हतं. दोनशेत एक जमतं तर तो एक काय वेगळं करतो, एवढंच शोधायचं होतं. शब्द चुकले असतील तर माफ करा.

चाकरमानी_संगमेश्वर

माफी कसली. लिहित राहा, वाचतोय.

नाखवाची_लेक

मी वरळी कोळीवाड्यातली. ‘विरोधामुळे प्रकल्प रखडतात’ असं वाक्य येईल याची वाट बघत होते, अजून आलं नाही, पण येणारच. म्हणून आधीच लिहिते.

सागरी किनारा मार्गाचा पूल आमच्या क्लीव्हलँड बंदराच्या तोंडावरून जातो. आमच्या होड्या तिथूनच समुद्रात जातात. आराखड्यात दोन खांबांमधलं अंतर होतं ६० मीटर. कागदावर ६० मीटर खूप वाटतं. पण होडी सरळ रेषेत चालत नाही. वारा आणि करंट आडवे असतात, खाली खडक आहेत, आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येताना इंजिन बंद पडलं तर होडी कुठे जाईल ते दर्या ठरवतो. माझ्या बाबांनी ओटीवर खडूने दोन रेघा मारल्या, मधे माझ्या मुलाची प्लास्टिकची होडी ठेवली, आणि तिला तिरकी करून बाजूने फुंकर मारली. “बघ, अशी लागते,” म्हणाले. त्या ओटीवर मला जे कळलं ते आराखड्यात नव्हतं.

आमच्या लोकांनी काम अडवलं, हो, अडवलं. वर्षभराहून अधिक. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये दोन खांबांमधे १२० मीटरचं अंतर मान्य झालं. तोवर पायाचं बरंच काम झालेलं, ते बदललं, खर्च वाढला. वर्तमानपत्रांत आलं, कोळ्यांमुळे पूल लांबला.

आम्ही पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतो. आराखडा काढायच्या आधी एक माणूस एका नाखव्याबरोबर एकदा होडीत बसला असता तर १२० मीटर पहिल्याच कागदावर आले असते. याला विरोधामुळे झालेला उशीर म्हणू नका. न विचारल्याचा उशीर म्हणा.

शेवगा

ताई, ओटीवरच्या दोन रेघा डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. बाबांना नमस्कार सांगा.

गोरेगाव_ते_बीकेसी

नाखवाची लेक, तुमच्या बाबतीत पूर्ण सहमत. पण प्रत्येक थांबा असा नसतो. मेट्रो ३ चं उदाहरण देतो. मी ती रोज वापरतो आणि माझं तिच्यावर प्रेम आहे. मंजुरीच्या वेळी २३,१३६ कोटी, नंतर ३३,४०५ कोटी, शेवटी ३७ हजार कोटींच्या वर. आरेतली कारशेड २०१९ ला थांबली, २०२० मध्ये कांजूरमार्गला हलवली, त्याच वर्षी डिसेंबरात तिथे न्यायालयाची स्थगिती आली, २०२२ ला परत आरेत. गाड्या ठेवायला जागा नसेल तर बोगदा तयार असून उपयोग काय? आरे ते बीकेसी सुरू झाली ऑक्टोबर २०२४ मध्ये, कफ परेडपर्यंत ऑक्टोबर २०२५ मध्ये.

जंगलवेल

गोरेगाव, मी आरेच्या आंदोलनात होते. ऑक्टोबर २०१९ ची ती रात्र विसरणं शक्य नाही, न्यायालयाचा निकाल लागला आणि त्याच रात्री झाडं पडायला लागली. कारशेडच्या जागेबद्दल हरकती २०१४-१५ पासून होत्या. तेव्हा नीट, मोकळेपणाने पर्याय तपासून लोकांसमोर ठेवले असते तर पुढची फिरवाफिरव झाली नसती. मलाही मेट्रो हवी आहे. तीही रोज वापरते.

गोरेगाव_ते_बीकेसी

जागेबद्दल आपलं पटणार नाही. पण निर्णय एकदाच आणि आधी व्हायला हवा होता हे पटलं.

संपादक_मंडळ

आरेवर वेगळा धागा आहे, झाडांची चर्चा तिथे पुढे न्यावी ही विनंती. इथे मूळ प्रश्न तारखेचा आहे.

सेंटरिंग_सोलापूर

मी छोटा सब-कंत्राटदार, शटरिंग-सेंटरिंगची, म्हणजे काँक्रीट ओतायच्या आधी प्लेटांचा साचा आणि टेकू उभे करायची कामं घेतो. सगळे वरून बोलतायत, मी खालून सांगतो.

मोठा कंत्राटदार मला काम देतो. मी माणसं आणतो, प्लेटा आणि जॅक माझे. काम झालं की मोजमाप होतं, आरए बिल (झालेल्या कामापुरतं बिल) बनतं, मोठ्याला वरून पैसे मिळाले की मला मिळतात. एका साइटवर चार महिने बिल अडकलं, कारण वर काहीतरी एक्स्ट्रा आयटमवरून (करारात नसलेल्या जादा कामावरून) वाद. माझा त्या वादाशी संबंध नाही. पण माझी २६ माणसं दर शनिवारी खर्चीला हात पुढे करणार, आणि त्यांनी तरी दुसरं काय करावं?

तिसऱ्या महिन्यात मी माझ्या १४० प्लेटा विकल्या. माणसांचे पैसे दिले. चौथ्या महिन्यात बिल निघालं, काम जोरात सुरू करा म्हणाले. माझ्याकडे प्लेटा नाहीत. ज्याला विकल्या त्याच्याकडूनच भाड्याने आणल्या. माझ्या प्लेटांवर मी लाल रंगाचा टिपका मारायचो, तो तसाच होता. स्लॅबखाली उभा राहून वर बघितलं की सगळीकडे माझे लाल टिपके, आणि भाडं मी भरतोय. तो स्लॅब पाच आठवडे उशिरा झाला. कागदावर कारण लिहिलं ‘मजुरांची कमतरता’.

पायलिंगवाला

सोलापूरकर दादा, ‘मजुरांची कमतरता’ मीही कितीतरी अहवालांत लिहिलंय. त्यामागे हे असतं ते माहीत होतं. माणसं छटपूजेला, होळीला, पेरणीला गावी जातात हे खरंच, पण ज्या साइटवर पैसे वेळेवर मिळतात तिथे ती ठरल्या दिवशी परतही येतात. २०२० च्या लॉकडाउनमध्ये छावण्या रिकाम्या झाल्या तेव्हा आमच्याकडे सगळ्यात आधी परतलेली टोळी अशाच एका वेळेवर पैसे देणाऱ्या मुकादमाची होती.

शेवगा

दादा, प्लेटा परत घेता आल्या का?

सेंटरिंग_सोलापूर

हो ताई, ९० घेतल्या. बाकीच्या नव्या.

बीडीडी_वरळी

आमच्या वरळीच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. १६० चौरस फुटांची खोली, त्यात आम्ही सात जण. पुनर्विकासाचं भूमिपूजन एप्रिल २०१७. पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या. सुरुवातीची बरीच वर्षं विटा-सिमेंटाआधी कागदांतच गेली: कोण पात्र, कुणाच्या नावावर खोली, वारस कोण, संक्रमण शिबिरात कधी जायचं. माझ्या काकांकडे आजोबांच्या नावाची भाडेपावती होती, पण आडनावात एक अक्षर वेगळं. त्या अक्षरासाठी आम्ही सव्वा वर्ष फेऱ्या मारल्या. आता ५०० चौरस फुटांचं घर बावीसाव्या मजल्यावर आहे आणि काका रोज सकाळी खिडकीशी खुर्ची टाकून बसतात. घर छान झालंय, हे सांगितलंच पाहिजे.

आकडेमोड

बीडीडी, वाचून आनंद झाला. फ्लुबियर यांच्या माहितीत सौर ऊर्जेचे प्रकल्प अंदाजाच्या सगळ्यात जवळ राहतात, आणि अणुवीज केंद्रं, ऑलिम्पिक सगळ्यात जास्त भरकटतात. सौर पॅनेल म्हणजे एकच तुकडा हजारदा बसवणं. दहाव्यांदा बसवताना हात बसलेला असतो. ऑलिम्पिक दर वेळी नव्या गावात, नव्या लोकांकडून. आपल्या पुनर्वसनात मात्र प्रत्येक खोलीचा कागद वेगळा, तिथे हात बसत नाही.

रेल्वेरूळ_परळ

उशिरा आलो. रुळांवरच्या पुलांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

रुळांवर गर्डर ठेवायचा तर ब्लॉक, म्हणजे गाड्या बंद ठेवलेली वेळ लागते. शेवटची लोकल गेल्यावर आणि पहिली सुटायच्या आधी. ओव्हरहेड वायरमधला २५ हजार व्होल्टचा पुरवठा बंद करायचा, अर्थिंग करायचं, खात्री करायची, मग क्रेन हलणार. हे धरून प्रत्यक्ष कामाला दोन-अडीच तास हातात राहतात. त्या वेळात क्रेनचा एखादा होज (तेलाची नळी) फुटला की सगळं गुंडाळायचं आणि पुढच्या ब्लॉकची वाट बघायची. तो उद्या मिळत नाही. सण, परीक्षा, पाऊस बघून मिळतो. लोअर परळचा डिलाईल पूल जुलै २०१८ ला बंद झाला, पूर्ण सुरू व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. माझ्या मुलाचा जन्म त्या बंदमधला. बॅरिकेडचे निळे पत्रे म्हणजे रस्त्याचाच भाग, असं तो धरून चालायचा.

मेघनाताई, तुमच्या गोखले पुलाचं वेगळं दुखणं माहीत असेलच. रुळांवरच्या भागाची उंची नव्या नियमाप्रमाणे वाढली, आणि त्याला येऊन मिळणारा बर्फीवाला उड्डाणपूल जुन्या उंचीवरच राहिला. एक बाजू उघडली तेव्हा दोन्ही पूल समोरासमोर पण वर-खाली. मग व्हीजेटीआय या इंजिनिअरिंग कॉलेजच्या तज्ज्ञांच्या सल्ल्याने जॅक लावून बर्फीवालाचा तुकडा एका बाजूने जवळपास १.४ मीटर उचलला आणि जुलै २०२४ मध्ये जोडला. उचलण्याचं ते काम फार देखणं झालं, मिलिमीटर-मिलिमीटरने. ज्यांनी केलं त्यांचं कौतुकच आहे. पण दोन्ही नकाशे एका टेबलावर आधी आले असते तर ते करावंच लागलं नसतं.

टिळकनगर_२२

वर मी तीन शब्दांत उत्तर दिलं होतं. ते मागे घेतो. चौथा शब्द ‘टेबल’.

घाटवाट

थोडं अवांतर. माझे पणजोबा लोहमार्गावर गँगमन होते म्हणून या विषयाची ओढ. बोरघाटाचं रेल्वेकाम १८५६ मध्ये सुरू होऊन १८६३ मध्ये संपलं. पहिल्या कंत्राटदाराने मधेच काम सोडलं. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, १८५९ मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत आजाराने वारला. पुढचं काम त्याच्या पत्नीने, ॲलिसने, माणसं नेमून पुरं करून घेतलं. पटकी आणि तापाने मजूर किती गेले ते वाचवत नाही.

कोकण रेल्वेही पाच वर्षांत व्हायची होती. १९९० ला महामंडळ झालं, पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला खुला झाला. पेडण्यासारख्या मऊ मातीच्या बोगद्यांनी आणि गोव्यातल्या मार्गाच्या वादाने वेळ घेतला. तरी लोक ते काम वेळेत झालं असंच मानतात, आणि मला त्याचं कारण असं वाटतं की त्या महामंडळाचे प्रमुख ई. श्रीधरन यांच्या माणसांनी मधल्या काळात काय अडलंय ते लपवलं नाही. त्याच श्रीधरन यांनी दिल्ली मेट्रोचा पहिला टप्पा मुदतीआधी पुरा केला. निर्णय घ्यायचा अधिकार तिथे कामावरच्या माणसाजवळ होता.

मेघना_अंधेरी

सगळ्यांचं सगळं वाचलं. आईलाही वाचून दाखवलं, दोन बैठकीत. सेंटरिंग दादांच्या लाल टिपक्यांवर ती बराच वेळ गप्प होती.

एक गोष्ट मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नव्हती. पूल बंद झाला त्याच आठवड्यात पूर्वेला, घरापासून जवळच, एका केंद्रात आईसाठी जागा होती. आम्ही घेतली नाही. पश्चिमेचे डॉक्टर तिला आठ वर्षं ओळखत होते, तिथल्या सिस्टर तिची शीर पहिल्या फटक्यात शोधायच्या, आणि सहा महिन्यांचाच प्रश्न आहे असं वाटलं. मे पर्यंत काढू म्हटलं. नंतर विचारलं तेव्हा ती जागा भरली होती. पंधरा महिन्यांहून जास्त, आठवड्यातून तीनदा, डायलिसिसनंतर थकलेल्या अंगाने ती तासभर रिक्षात बसली.

आई म्हणते, “दीड वर्ष लागेल असं सांगितलं असतं तर मी चिडले असते, आणि त्याच दिवशी केंद्र बदललं असतं.”

म्हणून माझा प्रश्न अजून तिथेच आहे. तारीख कोण ठरवतं?

निवृत्त_उपअभियंता

मेघनाताई, वर मी किमतीबद्दल एवढं लिहिलं आणि तुमच्या प्रश्नाला बगल दिली. मुद्दामच दिली असणार. आता लिहितो.

प्रस्तावाच्या नमुन्यात एक रकाना असतो, ‘कामाचा कालावधी (पावसाळा धरून / वगळून)’. तो उपअभियंता भरतो. म्हणजे मी भरायचो.

एक पूल होता, तुमचा नव्हे, दुसरा. नाव लिहीत नाही. मी आणि माझा कनिष्ठ अभियंता तीन रविवार बसलो. पाइप हलवायला किती, १८ झोपड्यांना किती, ब्लॉक किती लागतील, दोन पावसाळे. बेरीज आली ३८ महिने. मी ३८ लिहिलं. फाईल आठ दिवसांत परत आली. समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘कालावधी जास्त वाटतो, पुनर्विचार व्हावा.’ सही नव्हती, पेन्सिलीच्या शेऱ्याला सही नसते. मी वर जाऊन विचारलं. उत्तर मिळालं की ३८ लिहिलं तर हे काम या वर्षी मंजूर होणार नाही, आणि जुना पूल धोकादायक आहे हे तुम्हीच लिहिलंय. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी २४ लिहिलं.

तेच २४ महिने निविदेत गेले. निविदेतून फलकावर. फलकावरून वर्तमानपत्रात. तिथून कुणाच्या तरी कॅलेंडरवर गेले असतील, हा विचार मी तुमची पोस्ट वाचेपर्यंत केला नव्हता.

कामाला ४१ महिने लागले. तुम्ही विचारलंत, चुकणार हे तेव्हाच माहीत असतं का. माझ्यापुरतं उत्तर, हो, माहीत होतं. आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांची क्षमा मागायला मी योग्य माणूस आहे की नाही ठाऊक नाही, पण मागतो.

पायलिंगवाला

काका, हे लिहायला धीर लागतो.

मेघना_अंधेरी

काका, तुमचं वाचून दाखवलं. आई म्हणाली, “त्यांना म्हणावं, तीन रविवार बसलात ना.” आणि तिचा एक प्रश्न आहे: ३८ लिहिलेला तो कागद फाईलमध्ये आहे का अजून?

निवृत्त_उपअभियंता

नाही. ते पान काढून नवं लावलं. आकडेमोड माझ्या डायरीत आहे, तिन्ही रविवारची. इथल्या इंजिनिअर मुलांपैकी कुणाला बघायची असेल तर संपादक मंडळाला कळवा, मी पानांचे फोटो देतो.

पायलिंगवाला

मला हवीत.

रेल्वेरूळ_परळ

मलाही. ब्लॉक किती धरले होते ते बघायचंय.